लाकूडकामाचे व्हिडिओ हौशी मंडळींना पाठवताना काय दाखवावे आणि किती दाखवावे?

रावपुऱ्याची_पडवी (वडोदरा) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

नोकरीतून मोकळी झाल्यावर मी घरामागच्या पडवीत लाकूडकाम सुरू केले. एका जाड टेबलाला लाकूड आवळून धरणारा शेगडा बसवून घेतला आहे आणि बहुतेक काम रंधा, पटाशी (लाकूड खोदायची छिन्नी), करवत आणि गुण्या (काटकोन तपासायचे साधन) यांच्यावरच चालते. लाकूड प्रामुख्याने जुने सागवान असते, कारण आमच्या शहरातली जुनी घरे पाडली जातात तेव्हा त्यांच्या तुळया आणि चौकटी विक्रीला येतात, आणि तसे लाकूड आज नवे घ्यायचे म्हटले तर माझ्यासारखीच्या आवाक्याबाहेरचे आहे. आम्हा मराठी हौशी लोकांचा एक गट आहे. त्यात बडोद्याबरोबरच इंदूर, पुणे आणि नागपूरचीही मंडळी आहेत, आणि काही महिन्यांपासून मी माझ्या कामाचे व्हिडिओ त्यांना पाठवते.

मंडळी कौतुक मनापासून करतात, पण व्हिडिओ पाहून कोणी तेच काम स्वतः करून पाहिले, असे फारसे घडत नाही, आणि ज्यांनी साल-कुसवाचा सांधा (एका लाकडातल्या सालीत, म्हणजे खाचेत, दुसऱ्याचे कुसू, म्हणजे तासलेले टोक, बसवणारा) करून पाहिला त्यांचा सांधा ढिला बसला. पाहणाऱ्याला ते काम स्वतःच्या हाताने जमावे, एवढ्याचसाठी माझा हा खटाटोप आहे. मी सध्या तासाभराचे काम भराभर पळवून चार मिनिटांत बसवते आणि मागे संगीत घालते. हे योग्य आहे का? चित्रण करताना कॅमेरा कुठे ठेवावा, निवेदन किती करावे आणि कोणता भाग कापू नये, याबद्दल अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

---

सागाची_फळी (इंदूर) यांचे उत्तर

ताई, प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा आहे, म्हणून थोडे लांब लिहितो.

चार मिनिटांत पळवलेल्या व्हिडिओत वस्तू तयार होताना दिसते, पण हात काय करतो ते दिसत नाही. साल खोदण्याचेच उदाहरण घ्या. शिकणाऱ्याला कळायला हवे ते असे: सालीची रुंदी लाकडाच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश धरतात आणि ती मोजपट्टीने ठरवण्याऐवजी हाताशी असलेल्या पटाशीच्या रुंदीवरून ठरवतात. खतकसाने, म्हणजे कडेला समांतर रेघ ओढायच्या अवजाराने, दोन्ही रेघा एकाच बाजूचा आधार धरून ओढतात. पहिला घाव टोकाच्या रेघेवर न घालता दोन-तीन मिलिमीटर आत घालतात, आणि टोके अगदी शेवटी रेघेपर्यंत साफ करतात, कारण मधला कचरा उचकटताना पटाशी ज्या कडेवर टेकते ती कड दबते. आरपार साल असेल तर अर्धी एका बाजूने आणि अर्धी दुसऱ्या बाजूने खोदतात. यातले प्रत्येक पाऊल काही सेकंदांचे आहे आणि पळवलेल्या चित्रणात नेमकी हीच पावले हरवतात. तुमच्या मंडळींचा सांधा ढिला बसला असेल, तर माझा अंदाज असा की त्यांनी कुसू कापताना रेघेच्या आतून, म्हणजे कुसवाच्याच बाजूने, करवत चालवली असणार. रेघेच्या कोणत्या बाजूने कापायचे, हे पळत्या चित्रात दिसणे शक्यच नाही.

म्हणून माझे मत असे की सारखेच काम पुन्हापुन्हा होते तेवढेच पळवावे. फळीवर रंधा मारताना पहिले चार-पाच हात खऱ्या वेगाने दाखवा, मधले पळवा आणि शेवटचे पुन्हा खऱ्या वेगाने दाखवा, म्हणजे रंध्यातून आधी तुटक पापुद्रे येत होते आणि फळी सपाट झाल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड कीस निघू लागला, हा फरक पाहणाऱ्याच्या डोळ्यांना दिसेल. आखणी, पहिला घाव, सांध्याची पहिली बसवणी आणि ती घट्ट झाल्यावर कुठे किती तासले, हे मात्र एक सेकंदही कापू नये. बसवणी पहिल्या खेपेला जमत नाही, तेव्हा पाहणारा सर्वांत जास्त शिकतो. सांधा कुठे अडतो ते कसे ओळखायचे, कुसवावर चकाकणारा दाबाचा डाग कसा शोधायचा आणि तेवढाच डाग पटाशीने कसा छिलायचा, हे मी तरी दुसऱ्याचे पाहूनच शिकलो.

कॅमेऱ्याबद्दल एकच गोष्ट सांगतो. उजव्या हाताने काम करणाऱ्याने तो डाव्या बाजूला, हाताच्याच उंचीवर ठेवावा. वरून घेतलेल्या चित्रात पटाशी उभी आहे की कलली आहे, हे कळत नाही. सालीच्या लांबीच्या रेषेत पाहणारा कॅमेरा असेल, तर शेजारी ठेवलेल्या गुण्याशी पटाशी ताडून पाहता येते.

आणि कॅमेऱ्याला जे दिसत नाही ते तोंडाने सांगावेच लागते. पात्याला धार लावताना पाठीच्या बाजूने बोट बाहेरच्या दिशेला सरकवले की कडेला बारीकशी खरखर लागते, आणि ती पूर्ण रुंदीभर लागली म्हणजे त्या बाजूचे घासणे पुरे झाले. ही खूण बोटालाच कळते. व्हिडिओत ती दाखवता येत नाही, पण शब्दांत नीट सांगता येते.

---

दांडियाबाजार_ठोकणी (वडोदरा) यांचे उत्तर

वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. आवाज आणि उजेड यांच्याबद्दल थोडी भर घालतो.

मागचे संगीत काढून टाका. पटाशी सालीच्या तळाला पोहोचली की घावाचा आवाज बदलतो. रंधा लाकडाच्या रेषांच्या उलट चालला तर तो खरडल्यासारखा वाजतो आणि योग्य दिशेने चालला तर त्याचा आवाज सलग, मऊ येतो. शिकणाऱ्यासाठी हा आवाज म्हणजे अर्धी शिकवणी आहे आणि संगीत तीच झाकून टाकते. शिवाय दुसऱ्याचे संगीत वापरल्यास यूट्यूबवर हक्काचा दावा येतो, ते निराळेच.

उजेड वरून न टाकता फळीच्या एका टोकाकडून, फळीला जवळजवळ टेकून, आडवा टाकावा. असा दिवा लावला की रंध्याचे पट्टे, उचकटलेले तंतू आणि पॉलिश पेपरचे ओरखडे सावल्यांसह उठून दिसतात, एरवी तीच फळी गुळगुळीत भासते. दिव्यांच्या उजेडात चित्रावर आडवे काळसर पट्टे सरकताना दिसत असतील, तर आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे आणि त्यामुळे काही ट्यूबलाइट व एलईडी दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, हे त्यामागचे कारण आहे. फोनच्या कॅमेऱ्यात सेकंदाला 25 चित्रे आणि शटर 1/50 किंवा 1/100 असे हाताने ठरवले की हे पट्टे जातात. फोकस आणि उजेडाची पातळीसुद्धा पडद्यावर बोट दाबून धरून कायम करावी, म्हणजे हात मध्ये आला की चित्र उजळ-अंधुक होत राहणार नाही.

गटात पाठवताना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ नेहमीच्या पद्धतीने पाठवला तर तो दाबला जातो आणि खतकसाची बारीक रेघ पुसली जाते. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास मूळ दर्जा टिकतो.

---

रविवारचा_सुतार (पुणे) यांचे उत्तर

मी थोडा वेगळा विचार मांडतो. सगळे खऱ्या वेगाने दाखवावे हे तत्त्व म्हणून मान्य आहे, पण दिवसभराच्या नोकरीनंतर चाळीस मिनिटांचा व्हिडिओ कोणी उघडत नाही, आणि न उघडलेल्या व्हिडिओतून कोणीच काही शिकत नाही. माझ्या मते एका वस्तूचा एक लांब व्हिडिओ करण्याऐवजी एका कृतीचा एक व्हिडिओ करावा. फक्त खतकस कसे धरावे, फक्त रंध्याचे पाते किती बाहेर काढावे, असे पाच-सहा मिनिटांचे भाग मी स्वतः पुन्हापुन्हा पाहतो, तेही फोन टेबलावर उभा करून, हातात अवजार घेऊन.

लांब व्हिडिओ करायचाच असेल तर यूट्यूबवर वर्णनात वेळा लिहून प्रकरणे पाडावीत. पहिली वेळ 00:00 असावी लागते, किमान तीन वेळा चढत्या क्रमाने द्याव्या लागतात आणि प्रत्येक प्रकरण निदान 10 सेकंदांचे असावे लागते. मग ज्याला फक्त सांधा पाहायचा आहे तो थेट तिथे जातो. सर्वांसमोर मांडायचे नसेल तर व्हिडिओ ‘अनलिस्टेड’ ठेवून केवळ गटाला दुवा द्यावा.

निवेदन मराठीतच करावे, हा माझा आग्रह आहे. तुमच्याच शहरात 1890 साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी कलाभवन उभे केले, आणि हातातले कौशल्य व शास्त्र मातृभाषेतून शिकवले जावे, हा त्यांचा ध्यास होता. इंग्रजी व्हिडिओ हजारो आहेत. ओकपेक्षा सागवान आणि बाभूळ यांच्यावर काम करणाऱ्यांसाठी मराठीत फार थोडे आहे, आणि ती उणीव आपणच भरून काढू शकतो.

---

रावपुऱ्याची_पडवी (वडोदरा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कृतीनिहाय छोटे भाग करायचे मी ठरवले आहे, आणि त्यांची सुरुवात ढिल्या बसलेल्या सांध्यापासूनच करीन.

एक उपप्रश्न विचारते. आमच्या शेजारी एक वयस्कर सुतारकाका आहेत, त्यांचा हात अप्रतिम आहे आणि त्यांनी चित्रणाला होकार दिला आहे. शिवाय संखेड्याला जाऊन तिथल्या खरादी (लाकूड यंत्रावर फिरवून घडवणाऱ्या) कारागिरांचे काम चित्रित करण्याची माझी फार इच्छा आहे. दुसऱ्याच्या कसबाचा व्हिडिओ आपल्या गटाला दाखवताना कोणती पथ्ये पाळावीत?

---

लाखेचा_रंग (वडोदरा) यांचे उत्तर

ताई, हा प्रश्न तुम्ही आधी विचारलात, याचे मला फार समाधान वाटले, कारण बहुतेक लोक चित्रण करून मोकळे होतात.

तोंडी होकार पुरेसा मानू नका. व्हिडिओ कोण पाहणार, तो केवळ गटात राहणार की सर्वांसाठी खुला होणार आणि त्यातून पुढे कधी पैसे मिळाले तर त्यांचे काय करायचे, हे काकांना आधी समजावून सांगा आणि संपादित व्हिडिओ पाठवण्यापूर्वी त्यांना दाखवा. त्यांचे नाव द्यायचे की नाही, हे त्यांनीच ठरवावे. चित्रणासाठी थांबत-थांबत काम केल्यामुळे त्यांचा जो वेळ जाईल त्याची मजुरी देणे मला तरी अत्यावश्यक वाटते. हौस आपली आहे, पण त्यांचा तो रोजगार आहे.

संखेडा पूर्वी वडोदरा जिल्ह्यात होते, 2013 पासून ते छोटाउदेपूर जिल्ह्यात आहे. तिथले काम पाहण्यासारखेच आहे. सागाचा दांडा संघाड्यावर (लाकूड गोल फिरवणाऱ्या यंत्रावर) फिरवून आकार देतात, रंगाचा थर चढवतात, त्यावर कथलाच्या मिश्रणाने कुंचल्याने नक्षी काढतात, ती अकीक दगडाने घासून चकचकीत करतात आणि मग धगीवर फिरवत लाखेचा थर देतात. रुपेरी नक्षी लाखेखाली सोनेरी दिसू लागते तो क्षण चित्रणासाठी मोहाचा आहे. पण मिश्रणाचे प्रमाण हे एखाद्या कुटुंबाचे भांडवल असू शकते. म्हणून काय चित्रित करायचे नाही, हे काम सुरू होण्यापूर्वी विचारून घ्या, आणि कारागिराने ‘एवढे राहू द्या’ म्हटले की कॅमेरा बंद करा. या फर्निचरला भौगोलिक निर्देशांक (जीआय, म्हणजे ते नाव त्या भागातल्या वस्तूंपुरतेच राखलेले) मिळालेला आहे, त्यामुळे घरी लाखकाम करून पाहणाऱ्या सदस्यांनी आपल्या वस्तूला ‘संखेडा’ म्हणू नये, ही सूचना व्हिडिओतच द्यावी.

---

सागाची_फळी (इंदूर)

आणखी दोन गोष्टी लिहायच्या राहिल्या होत्या, आणि दोन्ही ताईंच्या जुन्या लाकडाशी निगडित आहेत.

पहिली सुरक्षिततेची. यंत्रकरवतीवरचे संरक्षक झाकण चित्र नीट दिसावे म्हणून काढून ठेवण्याची पद्धत अनेक व्हिडिओंत दिसते आणि पाहणारे तेच बरोबर समजतात. पाते झाकले गेले तरी चालेल, झाकण जागेवरच ठेवून चित्रण करा. फिरत्या यंत्राजवळ हातमोजे घालू नका आणि ते का घातले नाहीत, हे बोलून सांगा. जुन्या तुळईत तुटलेले खिळे असतात, अनेकदा पृष्ठभागावर काळपट डागाशिवाय काहीच दिसत नाही. चुंबक फिरवून खिळा शोधणे आणि तो काढणे हा भाग प्रत्येक व्हिडिओत असावा. जुन्या चौकटींच्या रंगात शिसे असण्याची शक्यता मोठी असते. घरगुती रंगांतील शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्यामुळे त्याआधीचा रंग कोरडा घासून उडवू नये आणि तसे दाखवूही नये. नुसत्या लाकडाच्या धुळीलाही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक ठरवले आहे, म्हणून घासताना नाकावर चांगला मास्क असलेला दिसू द्या.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. बडोद्याच्या मे महिन्यात जोडलेली रुंद फळी ऑगस्टमध्ये फुगते. लांबीत फरक जवळजवळ पडत नाही, पण फूटभर रुंद, सपाट चिरलेल्या सागवानात दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडू शकतो, आणि लाकूड शंभर वर्षे जुने असले तरी ते हवेतला ओलावा घेतच राहते. म्हणून दाराच्या चौकटीत बसवलेली फळी खाचेत सरस न लावता मोकळी ठेवतात. वस्तू ज्या महिन्यात केली तो महिना व्हिडिओत सांगा आणि पावसाळ्यात त्याच वस्तूचा छोटा व्हिडिओ पुन्हा पाठवा. त्यात सांधा उघडला का, दार अडकते का, फळीला बाक आला का, हे गुण्या आणि मोजपट्टी लावून दाखवा. इंदूरला आमच्याकडे ओलाव्याचे मान वेगळे आहे आणि नागपूरकरांचे त्याहून वेगळे असणार. तुमचा ऑगस्टचा व्हिडिओ आला की मीही माझ्या कपाटाचे माप त्याच पद्धतीने घेऊन गटात पाठवतो.