मदत हवी आहे: फिरायला गेल्यावर बाहेर मासे खाताना तुम्ही काय बघून घेता?

गेल्या महिन्यात घरचे सातजण चार दिवस समुद्रकिनारी राहून आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी जे झालं त्याची धास्ती अजून गेलेली नाही, म्हणून विचारतेय.

किनाऱ्यालगतच्या एका हॉटेलात ट्यूना मागवला होता. पहिल्याच घासाला सासूबाई म्हणाल्या, "जिभेला मिरीसारखं चुरचुरतंय गं." मसाला असेल म्हणून मी मनावर घेतलं नाही, याचं फार वाईट वाटतं. अर्ध्या तासात त्यांचा चेहरा आणि गळा लालबुंद झाला, डोकं ठणकायला लागलं, छातीत धडधड. तेवढ्यात दिराचेही कान लाल झालेले दिसले. ट्यूना त्या दोघांनीच खाल्ला होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी हेच विचारलं, एकाहून जास्त जणांना झालंय का? म्हणाले, ही माशाची अ‍ॅलर्जी नाही, हिस्टामिनची, म्हणजे अ‍ॅलर्जीत अंगात सुटतो त्याच पदार्थाची, विषबाधा आहे. ट्यूना, बांगडा, तारली यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचा प्रथिनांमधला घटक भरपूर असतो. पकडल्यावर मासा लगेच बर्फात गेला नाही की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात, आणि ते एकदा झालं की शिजवून, तळून, गोठवूनही जात नाही. वास येतोच असंही नाही. अ‍ॅलर्जीवर देतात तेच औषध दिलं, रात्रीपर्यंत दोघंही सावरले.

शेवटच्या रात्री दुसरीकडे गेलो. मी आधीच विचारलं, मासा बघू का? आचाऱ्यांनी बर्फातून अख्खा मासा काढला, अंगठ्याने कल्ला उचलून दाखवला. आत लालभडक. डोळा फुगीर, काचेसारखा, आणि बोटाने दाबल्यावर खड्डा राहिला नाही. नुसतं मीठ-लिंबू लावून भाजलेला तो मासा आम्ही बोटं चाटत खाल्ला. आठ वर्षांच्या लेकाने पहिल्यांदाच आपल्या हाताने मधला काटा अख्खा सोडवला आणि आजीसमोर धरला. आजीने कौतुक केलं, पण घास काही घेतला नाही.

तर विचारायचं असं, की मासा तुकडे करून आला असेल तर डोळे-कल्ले दिसतच नाहीत, मग तुम्ही काय विचारता? आणि ताजा दिसला तरी हिस्टामिन डोळ्यांनी कळत नाही, खरी भिस्त बर्फावर. मासा किती वेळ बर्फाबाहेर होता हे हॉटेलवाल्यांना न दुखावता कसं विचारायचं?

शिवाय भाचीला कोळंबीची खरीखुरी अ‍ॅलर्जी आहे. तिच्यासाठी बटाट्याचे काप सांगायचे तरी तळणीचं तेल कोळंबीचंच तर नाही ना, ही धाकधूक. वेगळी कढई मागता का, की तळलेलं टाळताच?

पुढच्या सुट्टीत परत जायचं चाललंय. डॉक्टरांनी सासूबाईंना मासे बंद केलेले नाहीत, तरी त्या म्हणतात, "तुम्ही जा, मी घर सांभाळते." त्यांना सोडून जायला आमच्यापैकी कुणीच तयार नाही. कुणाच्या घरी असं झालं असेल तर परत मासे खायला सुरुवात कशी केलीत, ते जरूर सांगा.