कॅथेटर, स्टेंट आणि रोबोची हौस

आडमुठा : कालच्या धाग्यात एका महाशयांनी ठोकून दिलंय की कॅथेटर (शरीरात घालायची बारीक नळी), स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) अशा वस्तू कारखान्यात अजून हाताने जोडणं हा मागासलेपणा, रोबो आणा आणि माणसाची चूक संपवा. कधी लाइनवर उभे राहिलात का हो? रोबो १० मायक्रॉन (मिलिमीटरचा शंभरावा भाग) अचूकता म्हणतो ते त्याच जागी परत येण्याबद्दल, पार्ट तिथे नसेल तर तो तितक्याच अचूकपणे हवेत चिमटा मारणार. आणि एवढासा तुकडा उचलणं सोपं, सोडणं अवघड. त्याला वजनच नाही, स्टॅटिक आणि दमटपणा जिंकतो, ग्रिपर (रोबोचा चिमटा) उघडला तरी तो लटकलेलाच.

कालचामहाशय : मीच तो. पार्ट कुठे आहे ते दाखवणारा कॅमेरा काय शोभेला लावतात? माझी बहीण मायक्रोस्कोपखाली हेच करते, मान कायमची गेलीय. संध्याकाळी डोळे चुरचुरले की गोंदाचा थेंब जरा मोठा पडतो आणि ल्युमेन, म्हणजे नळीची आतली पोकळी, बंद. रोबोला संध्याकाळ होत नाही.

फाइलग्रस्त : रोबोचं सोडा, आमच्याकडे गोंदाची सुई बदलली तरी आयक्यू, ओक्यू, पीक्यू (मशीन नीट बसलं, नीट चालतं, सतत बरोबर माल देतं याच्या तीन तपासण्या) पुन्हा! मशीन येऊन धूळ खातंय आणि आम्ही सह्या गोळा करतोय.

क्यूएवाली : वस्तू पेशंटच्या रक्तवाहिनीत जाते, म्हणून आम्ही क्वालिटीवाले सह्या मागतो. सुईचं भोक बदललं की थेंब बदलतो, एवढं तरी कळतं ना?

फाइलग्रस्त : रक्तवाहिनीत वस्तू जाते बाई, फाइल नाही!

क्यूएवाली : बाई कोणाला म्हणता? तुमच्यासारख्यांमुळेच रीकॉल होतात, विकलेला माल परत मागवावा लागतो. आणि हाताच्या कामाला व्हॅलिडेशन (पद्धत दर वेळी बरोबर माल देते याचा पुरावा) लागत नाही असं समजू नका, जोड तोडल्याशिवाय तपासता येत नसेल तर तिथेही लागतंच.

आडमुठा : अहो, धागा माझा आहे! कॅथेटरने बसवतात ती हृदयाची झडप घ्या. गाय-डुकराच्या हृदयावरणाचं पातळ कातडं, प्रत्येक तुकडा वेगळा, टाके आजही मायक्रोस्कोपखाली हातानेच घालतात. लावा तिथे रोबो.

कालचामहाशय : झडप ठेवा तुमच्याकडे, शिवत बसा. पण नळीला गोंद लावून यूव्हीखाली धरायला माणूस कशाला बसवायचा?

आडमुठा : बरं बाबा, गोंद घ्या. पण पार्ट सरळ करून ट्रेमध्ये भरणार कोण? बाउल फीडरमध्ये (पार्ट हलवून रांगेत लावणारं थरथरतं भांडं) तारेच्या कॉइल टाकून बघा, एकमेकींत अडकून गुंता होतो. शेवटी ट्रे भरायला दोन माणसं बसतात, आणि प्रेझेंटेशनमध्ये लिहितात "पूर्ण स्वयंचलित".

फाइलग्रस्त : त्या ट्रेचीही वेगळी फाइल असते. विचारा बाईंना. सॉरी, मॅडमना.