क्रायॉनिक्सवरच्या लेखातली चार विधानं – काय ठेवायचं, काय काढायचं?

रात्रपाळी: क्रायॉनिक्सवरचा (पुढे कधीतरी जिवंत करता येईल या आशेने मृतदेह अतिथंड करून ठेवणं) एक लेख तपासायला आला आहे. त्यातली चार विधानं अशी: वॉल्ट डिस्नेला गोठवून ठेवलंय; लंडनच्या कोर्टाने २०१६ मध्ये १४ वर्षांच्या मुलीला गोठवायला मान्यता दिली; वीज गेली की ठेवलेले देह वितळतील; सशाचा गोठवलेला मेंदू पुन्हा चालू झाला. चारही डझनभर साइट्सवर सापडतात. काय करावं?

पानटीप: लंडनचं आधी घेते, कारण मूळ निकालपत्र कुणालाही वाचता येतं. ब्रिटिश अँड आयरिश लीगल इन्फर्मेशन इन्स्टिट्यूटच्या साइटवर हायकोर्टाचा फॅमिली डिव्हिजन, २०१६, क्रमांक २८५९ असा शोध घ्या. न्यायमूर्ती पीटर जॅक्सन, ६ ऑक्टोबर. इंग्लंडमध्ये १८ वर्षांखाली मृत्युपत्र करता येत नाही आणि आईवडिलांचं एकमत नव्हतं. म्हणून मृत्यूनंतर देहाचं काय करायचं हे ठरवण्याचा हक्क कोर्टाने एकट्या आईला दिला. वाद तेवढाच. आपण क्रायॉनिक्सला मान्यता किंवा उत्तेजन देत नाही, तसा आदेश तर नाहीच नाही, हे न्यायमूर्तींनी स्पष्ट लिहिलंय. मुलगी १७ ऑक्टोबरला गेली, बातम्या नोव्हेंबरात आल्या. देह गोठवण्यासाठी तयार करायला आलेल्या स्वयंसेवी गटाकडे पुरेशी साधनं नव्हती, कामात गोंधळ होता, हेही त्याच निकालपत्राच्या शेवटी नोंदलंय. माझ्या मते खरी बातमी ती होती.

उणे१९६: वीज आणि ससा दोन्ही चुकीचे.

देह ठेवतात ते ड्यूअर म्हणजे मोठा थर्मासच: स्टीलच्या दोन भिंती, मधे निर्वात पोकळी. थंडावा टिकवायला वीज लागत नाही. आतला द्रव नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळून हळूहळू उडतो, म्हणून भर घालत राहावी लागते. ती थांबली की संपलं. कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थच्या तळघरात १९७०च्या दशकात पैसे आटले आणि देह कुजले. अल्कोर या अमेरिकन क्रायॉनिक्स संस्थेत देह डोकं खाली करून ठेवतात, पातळी घटलीच तर मेंदू शेवटपर्यंत द्रवात राहावा म्हणून.

सशाच्या २०१६ मध्ये गाजलेल्या प्रयोगात मेंदूत आधी ग्लुटराल्डिहाइड हे रसायन सोडलं होतं. त्याने प्रथिनं जागच्या जागी जखडतात. मग उणे १३५ अंशांपर्यंत थंड केला. परत ऊब दिल्यावर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पेशींची जोडणी शाबूत दिसली. रचना टिकली, एवढंच. असा जखडलेला मेंदू चालू होणं शक्यच नाही.

तारीखवार: डिस्ने १५ डिसेंबर १९६६ ला गेले, दोन दिवसांनी दहन झालं. क्रायॉनिक्सचा पहिला देह जेम्स बेडफर्ड यांचा, १२ जानेवारी १९६७. तारखा इतक्या जवळ, त्यामुळे अफवेला आयतंच खतपाणी मिळालं.

आणि डझनभर साइट्स म्हणजे डझनभर पुरावे नव्हेत. लेखातलं एखादं विचित्र वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधा, सगळ्यात जुनी तारीख बघा. आकडे तर हमखास पकडून देतात. नायट्रोजनचा उणे १९६ म्हणजे फॅरनहाइटमध्ये उणे ३२०; तो उणे ३२० सेल्सिअस म्हणून आला असेल, तर तो निरपेक्ष शून्याच्याही (उणे २७३.१५, याहून कमी तापमान असूच शकत नाही) खाली जातो. तोच आकडा जिथे जिथे दिसेल, त्या साइट्स बहुतेक एकाच मजकुरावरून उतरवलेल्या. मूळ साइटने मागाहून दुरुस्ती केली का, ते वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणारी साइट) जुनी प्रत काढून ताडा. नकला दुरुस्त करायला कुणी परत येत नाही.

रात्रपाळी: मथळा 'कोर्टाची क्रायॉनिक्सला मंजुरी' असा आहे.

पानटीप: 'मुलीच्या देहाचा निर्णय आईकडे' असा करा. आणि शेअर करताना दिसणारा मथळा वेगळ्या रकान्यात भरलेला असतो, तोही बदला.