सनमायका लावलेल्या पॅनलची कड आणि "काळा मार्कर फिरवा" म्हणणारे

कडकलक्ष्मी:
परवा एकाने घरी केलेल्या आर्केड पॅनलचा (व्हिडिओ गेमची जॉयस्टिक-बटणं बसवायची फळी) फोटो टाकून साधं विचारलं की सनमायका तर चिकटवला, आता कडांचं काय करू. त्यावर मुस्तफा_९३ यांचं उत्तर: "कडेला काय बघायचंय, काळा मार्कर फिरवा आणि खेळायला बसा." त्याला ३५ लाइक. दोन दिवस गप्प बसले, आता नाही बसवत.

अहो, कड बघायला नसतेच, मनगट तिथेच टेकतं. १ मिमीचा सनमायका ट्रिमर मशीनने कापला की पत्र्यासारखी धार राहते, आणि हरल्यावर हात पॅनलवर आपटणार नाही असा माणूस मला दाखवा. माझ्या पहिल्या पॅनलला मीपण मार्करच फिरवला होता. भाचा दोन तास खेळला आणि मनगटावर लाल रेघ घेऊन घरी गेला, वहिनी अजून ऐकवते. वर घामाने मार्कर उतरतो तो त्याच्या पांढऱ्या शर्टाला. आणि खाली उघडा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी), त्याला ओल लागली की कड फुगते, सनमायका उचलतो आणि मग कितीही दाबा, परत बसत नाही.

उपाय एकच, टी-मोल्डिंग. जुन्या गेमच्या मशीनच्या कडांना ती प्लॅस्टिकची पट्टी असायची ना, तीच. मागच्या दांडीला काटे असतात, कडेत खाच पाडायची आणि रबरी हातोडीने ठोकत जायचं. १८ मिमीचा एमडीएफ, वर १ चा सनमायका, झाले १९, पाऊण इंची मोल्डिंग बरोब्बर. देवानेच जुळवून आणलंय.

मुस्तफा_९३:
ताई, ३५ जणांना पटलं त्याला मी काय करू.

आणि देवाने जुळवलं म्हणता तर खालची बाजू देव विसरला का? एकाच अंगाला सनमायका लावला की फळी वाकते, खालून पण लावावा लागतो. झाले २०. आता तुमची पट्टी १ मिमी आखूड. शिवाय ती मिळते कुठे? भवानी पेठेत अर्धा दिवस हिंडलो, एकाने दाराची रबर पट्टी दाखवली, दुसऱ्याने मला वेड्यात काढलं. बाहेरून मागवायची तर पट्टीपेक्षा पोस्टेज जास्त. आम्ही रुपया टाकून ज्या पार्लरमध्ये खेळत मोठे झालो तिथे पॅनलच्या कडेला उघडं प्लाय आणि मधेच वर आलेला खिळा होता. कोणी मेलं नाही.

एडिसनची_वहिनी:
न्यू जर्सीत आहे, इथे ही पट्टी फुटावर मिळते त्यामुळे माझं बोलणं सोपं आहे, आधीच कबूल करते. पण २० मिमीचं रडगाणं नको. खाच मधोमध पाडायचीच नाही, वरच्या पृष्ठभागापासून माप धरून पाडायची. वरून पट्टी सपाट बसते, जो १ मिमी उघडा राहतो तो खाली, तिथे तोंड घालून कोण बघणार आहे? आणि खाचेसाठी राउटर (लाकूड कोरायचं मशीन) फिरवताना फळी मधेच उलटी करू नका. मी केली. डावीकडची खाच अर्धा मिमी वर, उजवीकडची खाली, सांध्यावर असा ओठ आला की त्यालाच मनगट घासायला लागलं. खाचेचं कटर १.६ मिमीचं घ्या, जाड घेतलंत तर काटे धरत नाहीत आणि मग गरम गोंदाच्या काड्या वितळवत बसा.

कोपरा गोल ठेवा, वळणावर दांडीत इंग्रजी व्ही सारखे काप द्या. काटकोनी कोपऱ्यावर ही पट्टी चार महिन्यांत उचलतेच.

चिपळूणचा_पाऊस:
मुळात एमडीएफ घ्यायचाच कशाला? आमच्याकडे जुलैत मीठ पाण्यासारखं होतं, तुमच्या खाचेतून आत गेलेली ओल कोण काढणार. १९ चं प्लाय घ्या.

एडिसनची_वहिनी:
प्लायमध्ये खाच पाडून बघा एकदा भाऊ. मधल्या थरात पोकळी लागली की पट्टी तिथे लोंबते.

चिपळूणचा_पाऊस:
स्वस्त प्लायमध्ये लागते. पण असो, एमडीएफच असेल तर खाचेत पातळ केलेला फेव्हिकॉल ब्रशने दोनदा फिरवा आणि पूर्ण वाळल्यावरच पट्टी ठोका.

मुस्तफा_९३:
एवढ्या उपद्व्यापापेक्षा मिस्त्रीला द्यावं म्हणून मी दिलं पण होतं. उद्या येतो म्हणाला तो गणपती झाल्यावर आला, लाकडी बीडिंग पट्टी चुका (बारीक खिळे) मारून ठोकली, कोपऱ्यावर बोट जाईल एवढी फट, आणि वर म्हणतो लांबी (पुट्टी) भरा, दिसणार नाही. या लोकांना फिनिशिंग म्हणजे काय ते कळतच नाही.

रंधा:
"या लोकांना" म्हणजे कोणाला जरा स्पष्ट बोला.

माझ्या वडिलांनी ४० वर्षं सनमायका मारला, निम्मा काळ ट्रिमर नव्हताच, कानस आणि पटाशी. तुम्ही लोक दोन फुटांच्या फळीवर तीन महिने शनिवार-रविवार घालवता आणि मिस्त्रीला सांगता छोटंसंच काम आहे हो, तासात होईल, चहा घ्या. मजुरी सांगितली की तोंड वाकडं. दोन फुटांच्या फळीसाठी पण हत्यारं तेवढीच उचलून आणावी लागतात, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. उद्या येतो म्हणून तो दुसरीकडे पूर्ण दिवसाचं काम करतो, कारण त्याचं घर त्यावर चालतं, तुमच्या गेमवर नाही.

आता कडेचं. तुम्ही सगळेच आधी वरचा सनमायका चिकटवता, कड नंतर आठवते, तिथेच चुकता. आधी कडेची सनमायकाची पट्टी, ती वरून घासून सपाट करायची, मग वरचा पत्रा. म्हणजे सांधा पुढे येतो, वर येत नाही, हाताचा घाम त्यात मुरत नाही. फळी आणि सनमायका, दोन्ही अंगांना फेव्हिकॉल एसआर लावा, बोटाला चिकटेनासा झाला की मगच टेकवा. आणि टेकवला की हलत नाही, म्हणून मधे काड्या ठेवून एकेक काढत जा. शेवटी कानस ४५ अंशात, फक्त पुढे ढकलताना, खालच्या दिशेने. मागे ओढताना दाब दिलात की कपचा उडाला. रेघ काळी दिसते, दिसू दे. टी-मोल्डिंग बिल्डिंग काही लागत नाही.

कडकलक्ष्मी:
क्रम बरोबर आहे, मान्य. माझंही उलटंच झालं होतं. पण गोल कोपऱ्यावर १ मिमीचा सनमायका वळवून दाखवा, तडकतो.

रंधा:
हीट गनने गरम करून मोठं वळण वळतं. बारीक नाही वळत. पण कोपरा गोल करायला सांगितलं कोणी?

एडिसनची_वहिनी:
मी 🙋

मुस्तफा_९३:
रंधा, तुमच्या वडिलांना साष्टांग नमस्कार, मनापासून. पण माझा मिस्त्री महिनाभर फोन उचलत नव्हता हे पण तितकंच खरं, आणि आगाऊ पैसे मी दिले होते.

लोकलचा_प्रवासी:
आमच्या किचनच्या वेळी तर अर्धं कपाट सोडून गावाला गेला, सासऱ्यांचं वर्षश्राद्ध म्हणाला, पुढच्या वर्षी पण तेच सासरे.

रंधा:
आणि माझ्या वडिलांचे तीन गिऱ्हाइकांकडे अजून पैसे अडकलेत. सांगू का कोणत्या सोसायटीत?

लोकलचा_प्रवासी:
सगळे तसे नसतात.

रंधा:
अच्छा, गिऱ्हाईक सगळे तसे नसतात. मिस्त्री मात्र "हे लोक".

मुस्तफा_९३:
बरं बाबा, "हे लोक" शब्द मागे. चुका मारलेली पट्टी मात्र मागे घेणार नाही, ती अजून पॅनलवर आहे. आणि कानस पुढेच ढकलायची हे मला माहीत नव्हतं, कपचे माझेपण उडालेत, म्हणून तर मार्कर आला. झालं समाधान?

कडकलक्ष्मी:
झालं. स्क्रीनशॉट घेऊन ठेवलाय. ज्याने विचारलं होतं तो कुठे गेला पण?

नवा_खेळाडू:
इथेच आहे, सगळं वाचतोय. राहवलं नाही म्हणून काल रात्रीच पुढच्या कडेला ॲल्युमिनियमची एल पट्टी मारली, हार्डवेअरवाल्याकडे तीच होती. चार स्क्रू. मस्त दिसतेय, चमकते.

कडकलक्ष्मी:
ॲल्युमिनियम??? जिथे मनगट टेकणार तिथे?

रंधा:
स्क्रूची डोकी बुडवलीत का तरी?

नवा_खेळाडू:
बुडवायची असतात का?