विषय: मॉडेल विमान क्लबचा मदत-दिवस आणि आपल्या मंडळाचा सहभाग

प्रेषक: सचिव, कार्यकारिणी

सप्रेम नमस्कार.

ओहायोतील डेटन शहराबाहेर मक्याच्या शेतांलगत रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानांच्या ज्या क्लबची गवती धावपट्टी आहे, त्या क्लबने सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी स्थानिक फूड बँकेच्या (गरजूंना धान्य पुरवणाऱ्या संस्थेच्या) मदतीसाठी उड्डाणांचा कार्यक्रम योजला असून आपल्या मंडळालाही आमंत्रण दिले आहे. प्रवेशासाठी प्रत्येक गाडीमागे १० डॉलर किंवा तेवढ्या किमतीचे बंद पाकिटातील धान्य घेतले जाईल. मंडळाने नाश्त्याचा स्टॉल लावावा, मैदानाच्या एका कोपऱ्यात मुलांसाठी पतंग उडवण्याची सोय करावी आणि आपल्यापैकी कोणाच्या तरी ड्रोनने दिवसभराचे चित्रण करून ते संकेतस्थळावर ठेवावे, अशा तीन सूचना आतापर्यंत आल्या आहेत. रविवारपर्यंत मते कळवावीत, ही विनंती.

आपली,
सचिव

प्रेषक: पतंगाची सूचना करणारा सभासद

नमस्कार.

संक्रांतीला ओहायोत कडाक्याची थंडी असते, त्यामुळे इथे वाढलेल्या आपल्या मुलांना फिरकी कशी धरतात हेच ठाऊक नाही. म्हणून हा आग्रह आहे. शिवाय याच डेटनमध्ये १८९९ साली विल्बर राइट यांनी पंख पिळवटून विमान कसे वळवता येईल हे पाहण्यासाठी सुमारे पाच फुटी दुमजली पतंग उडवला होता. तेव्हा विमानांच्या कार्यक्रमात पतंग परका ठरू नये.

प्रेषक: क्लबचा आणि मंडळाचा सभासद

आदरणीय सचिव आणि मंडळी,

गेली अनेक वर्षे मी या क्लबच्या मैदानावर विमाने उडवतो (आणि त्याहून अधिक वेळा ती डिंकाने जोडत बसतो), म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पतंगाचा विचार आपण सोडून द्यावा, असे मला वाटते. राइट यांच्या पतंगाच्या आसपास त्या दिवशी दुसरे काही उडत नव्हते. आपल्याकडे एका वेळी चार-पाच विमाने हवेत असतील, आणि दोनशे फुटांवरून जाणाऱ्या विमानाकडे डोळे लावून उभ्या असलेल्या वैमानिकाला मांजा दिसत नाही. तो प्रोपेलरमध्ये गुंडाळला गेला, तर दहा-बारा पौंडांचे विमान कुठे कोसळेल हे कोणाच्याच हाती राहणार नाही. पुण्यात कॉलेजात असताना एनसीसीच्या हवाई विभागात आम्ही दोन तारांना बांधलेली विमाने गोल फिरवत असू. इथर, रॉकेल आणि एरंडेल यांच्या मिश्रणाचा तो वास आजही आठवतो, आणि विमान फिरत असताना त्या वर्तुळात पाय टाकायचा नाही, हा पहिल्याच दिवशी मिळालेला दमही. इथे तार नसली तरी वर्तुळ असतेच. फक्त ते पाहुण्यांना दिसत नाही.

ड्रोनची अडचण कायद्याची आहे. छंद म्हणून उडवणाऱ्यांना एफएएच्या (अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाच्या) नियमांतून मिळणारी सवलत निव्वळ करमणुकीच्या उड्डाणापुरती आहे. एखाद्या संस्थेच्या संकेतस्थळासाठी केलेले चित्रण, त्याचा एक पैसाही घेतला नाही तरी, त्या सवलतीत बसत नाही. त्यासाठी पार्ट १०७ या ड्रोनविषयक नियमाखालचा परवाना असलेली व्यक्ती लागते. ज्यांना केवळ हौसेने उडवायचे आहे त्यांनीही ट्रस्ट नावाची विनामूल्य ऑनलाइन चाचणी दिलेली असावी, आणि विमान २५० ग्रॅमांहून जड असेल तर ५ डॉलर भरून तीन वर्षांसाठी मिळणारा नोंदणी क्रमांक त्यावर बाहेरून दिसेल असा लिहावा. आमच्या मैदानाला एफएएची अशी मान्यता आहे की दूरस्थ ओळख प्रसारित करणारे यंत्र नसलेली जुनी विमानेही तिथे उडवता येतात, मात्र मैदानाच्या ठरलेल्या हद्दीत आणि नजरेच्या टप्प्यातच. एखाद्या पाहुण्याने गाडीतळावरून आपला ड्रोन वर सोडला, तर आमचे सगळे उड्डाण थांबवावे लागेल. चित्रण जमिनीवरून करावे. मोबाइल पुरेसा आहे.

आता मुलांविषयी, कारण खरा प्रश्न त्यांचाच आहे. त्यांच्यासाठी पतंगाहून सरस गोष्ट क्लबकडे तयार आहे. शिकाऊ विमानासाठी दोन ट्रान्समीटर (विमान चालवण्याचे हातातले रिमोट) बिनतारी जोडलेले असतात, एक मुलाच्या हाती आणि एक प्रशिक्षकाच्या. प्रशिक्षकाने कळ दाबून धरली आहे तोवर विमान मुलाचे ऐकते. त्याने बोट उचलले की ताबा तत्क्षणी परत येतो. आपल्याकडच्या मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत मास्तरांच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो, तसेच हे. उड्डाण आणि उतरणे प्रशिक्षक करतो, मधली चार-पाच मिनिटे मुलाची. सर्वांत अवघड जाते ते विमान स्वतःकडे तोंड करून येत असताना वळवणे, कारण तेव्हा डावे-उजवे उलटे भासते. पंख ज्या बाजूला झुकला असेल त्याच बाजूला ट्रान्समीटरची काडी न्यायची, एवढे सांगितले की आठ वर्षांची मुले आपल्या वडिलांपेक्षा लवकर शिकतात.

विमानातून चॉकलेटे टाकण्याचा खेळही होईल. ती धावपट्टीच्या रिकाम्या, आखलेल्या भागावरच पडतील, आणि हवेतले शेवटचे विमान उतरून बंद झाल्याशिवाय मुलांपुढची आडवी दोरी उघडणार नाही. तिथे उभे राहून मुलांना थोपवून धरायला आम्हाला मराठी आयांइतका खमका स्वयंसेवक मिळणार नाही. गाडीतळ, पाण्याचे पिंप, धान्याची मोजदाद यांसाठीही माणसे कमी आहेत. मंडळाने कार्यक्रमात नवी भर घालण्याऐवजी ही कामे घ्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्टॉलवर पोहे आणि चहा असावा, तळण नको. सप्टेंबरात गवत वाळलेले असते आणि बाजूच्याच तंबूत लिथियम बॅटऱ्या चार्ज होत असतात. त्यांच्यासाठी वाळूच्या बादल्या आम्ही उगाच ठेवत नाही.

आपला नम्र,
क्लबचा आणि मंडळाचा सभासद

प्रेषक: कोषाध्यक्ष

नमस्कार.

वरील मताशी सहमत आहे. पैशांबाबत दोन गोष्टी आताच स्पष्ट करतो. मोठी देणगी देणाऱ्यांनी धनादेश थेट फूड बँकेच्या नावे लिहावा, मंडळाच्या नावे नव्हे. २५० डॉलर किंवा त्याहून अधिक रकमेच्या करसवलतीसाठी त्या संस्थेचे लेखी पत्र लागते. क्लबच्या सोडतीच्या तिकिटांवर करसवलत मिळत नाही, त्यामुळे त्यांची पावती माझ्याकडे मागू नये. तसेच घरी केलेला चिवडा फूड बँक स्वीकारत नाही. डाळ-तांदूळ दुकानातल्या बंद पिशवीतच आणावेत.

प्रेषक: पतंगाची सूचना करणारा सभासद

काका, पटले. सूचना मागे घेतो. फिरकी घरीच राहील. मला दोरीपाशी उभे करावे आणि माझ्या मुलीचे नाव शिकाऊ विमानाच्या यादीत घालावे. तिच्या वडिलांचेही घालता आले तर पाहावे.