मदत हवी आहे: मेल सर्व्हरवर येणारी कनेक्शन्स आणि बँडविड्थ आवरायची कशी?

रात्रपाळी: सकाळी कामाला सुरुवात झाली की मेल सर्व्हर सगळी लाइन खाऊन टाकतो, बाकी काही उघडत नाही. एका आयपीकडून येणारी कनेक्शन्स ५ वर आणली, रिस्टार्ट केलं, ढिम्म फरक नाही. बँडविड्थची मर्यादा नेमकी कुठे टाकतात? लवकर सांगा, लोक डोक्यावर बसलेत.

टर्मिनल_आजोबा: मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर कुठलं, पोस्टफिक्स की एक्झिम? लॉग कुठाय? पुढे स्पॅम फिल्टर वेगळा आहे का? आम्ही मनकवडे नाही.

कावलेला: फेलटूबॅन लावा, विषय संपला.

सुटसुटीत: ते पासवर्ड चुकवत बसणाऱ्यांचे आयपी अडवायला. इथे तसं कुणी म्हटलंय का?

कावलेला: माझ्याकडे ४ वर्षं चालतंय.

गप्पिष्ट: अटॅचमेंट अडकत असेल तर मेसेज साइज लिमिट वाढवा. पोस्टफिक्समध्ये मुळात १०२४०००० बाइट्स असते, आणि फाइलचा मजकूर करून पाठवणाऱ्या बेस६४ मुळे ती तिसऱ्या हिश्श्याने फुगते. ८ एमबीचीही परत येते.

रात्रपाळी: अटॅचमेंटचं कुणी विचारलंय? पोस्टफिक्स आहे. पुढे फिल्टर आहेच, ते उघड आहे ना. लॉगमध्ये ओळीच्या ओळी "४२१ ४.७.० एरर: टू मेनी कनेक्शन्स फ्रॉम", आणि प्रत्येक ओळीत फिल्टरचाच आयपी.

टर्मिनल_आजोबा: उघड तुम्हाला! सगळं टपाल एकाच दारातून येतं आणि तुम्ही त्यालाच कडी घातलीत. मूळ आकडा ५० असतो. ४२१ हा तात्पुरता नकार, त्यामुळे मेल बुडत नाही, फिल्टर पुन्हा पुन्हा दार वाजवतो. त्याचा आयपी क्लायंट इव्हेंट लिमिट एक्सेप्शन्समध्ये, म्हणजे मर्यादेतून सूट असलेल्यांच्या यादीत टाका. बँडविड्थची सेटिंग पोस्टफिक्समध्ये नाहीच, ते काम लिनक्सच्या टीसीचं, म्हणजे ट्रॅफिक कंट्रोलचं. त्यातही जाणारं नीट आवळता येतं. येणारं पॅकेट लाइन वापरूनच आलेलं असतं. ते टाकून द्यायचं आणि पलीकडचा टीसीपी हळू होतोय का बघायचं. आधी आयएफटॉप लावून कुठल्या पोर्टवर किती ट्रॅफिक आहे ते बघा.

कावलेला: म्हणून मी एक्झिम वापरतो.

रात्रपाळी: बघितलं. बाहेरून मेल येते त्या पोर्ट २५ वर फारसं काही नाही. लोक मेलबॉक्स उघडतात त्या ९९३ वर (आयमॅप) धो धो चाललंय, तेही बाहेर जाणारं. परवा सगळ्यांना नवीन लॅपटॉप दिले, जो तो अख्खा मेलबॉक्स उतरवून घेतोय.

सुटसुटीत: आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. लॅपटॉपचं आधी का नाही सांगितलंत?

रात्रपाळी: त्याचा येणाऱ्या कनेक्शन्सशी काय संबंध, म्हणून. टीसीत सोर्स पोर्ट ९९३ चा वेगळा क्लास करून ३० एमबीपीएसवर बांधला, लाइन मोकळी झाली. ५ चे परत ५० केलेत.

गप्पिष्ट: मग आता अटॅचमेंट जाते का?