खाजेच्या गोळीचं काय?

फ्लिबॅनसेरिन ही बायकांची कमी झालेली कामेच्छा वाढवण्यासाठीची गोळी, आणि ती दारूबरोबर घेऊ नये असा इशारा तिच्यावर असतो. 'आपल्याकडे बायका दारू पीत नाहीत, मग तो इशारा आपल्याला कशाला' असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. फ्लिबॅनसेरिनला अमेरिकेत २०१० आणि २०१३ साली नकार मिळाला, २०१५ मध्ये मंजुरी मिळाली. दारूबरोबर रक्तदाब एकदम उतरून भोवळ येते यावरच जास्त बोललं गेलं, हे खरं. पण मंजुरीवेळच्या त्याच ठळक इशाऱ्यात औषधांचा एक अख्खा गटही होता, आणि फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध त्यातलंच. यकृतात फ्लिबॅनसेरिनचा निचरा होतो, तो हे अडवतं. रक्तातलं प्रमाण वाढतं आणि बाई चक्कर येऊन पडू शकते.

सांगलीत विश्रामबागला माझं मेडिकल आहे. फ्लुकोनॅझोल म्हणजे आमच्याकडे खाजेची गोळी. बायका गर्दी ओसरेपर्यंत बाजूला थांबतात, मग जुनं रिकामं पाकीट काउंटरवर पालथं ठेवून हळूच म्हणतात, "ताई, हीच द्या." चिठ्ठी बहुतेक वेळा नसतेच, मी डॉक्टरांकडे जायला सांगते तेव्हा चेहरा उतरतो. जिला एवढंही मोठ्याने बोलता येत नाही, ती 'इच्छेसाठी रोज रात्री एक गोळी घेते' हे मला सांगणार आहे का?

मंजुरीला माझा विरोध नाही. इच्छा कमी झाल्याचं दुःख खरं असतं, 'वय झालं आता' म्हणून ते उडवून लावलं की मला राग येतो. पण असं औषध इथे विकायचं, तर पाकिटावर दारूइतक्याच मोठ्या अक्षरांत, मराठीत, खाजेच्या गोळीचं नाव हवं.